जपानी हेराची माय

जुन्या जपानी हेरपटांना कुणी ‘टाइमपास’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. हल्ली असं म्हणणारे फार झालेत. मोबाइलवर दोन मिनिटांचा तुकडा बघतात, पांढऱ्या सुटातला हेर केळ्याच्या सालीवरून घसरला की फिदीफिदी हसतात आणि म्हणतात, किती वाईट आहे यार, म्हणूनच भारी आहे. वाईट कशाला असेल? त्या माणसांनी जीव ओतून मूर्खपणा केलाय. मूर्खपणा मन लावून करायला अक्कल लागते. ती या हसणाऱ्यांकडे असती तर बोलायचंच नव्हतं.

माझा राग जरा जास्त आहे, मान्य आहे. त्या सिनेमांमुळे माझ्या घरात एक गोष्ट जुळून आली होती आणि ती मी स्वतःच्या हातानं मोडली. त्यामुळे कुणी त्यांचं नाव काढलं की मला आधी त्या माणसाचा राग येतो आणि मग माझा येतो. दुसरा राग जास्त वेळ टिकतो.

दोन हजार चौदाच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा ओमानमध्ये एका वीज उपकेंद्राच्या कामावर इलेक्ट्रिकल इंजिनिअर होतो. राहायला मस्कतच्या बौशर भागात, दोन बेडरूमचा फ्लॅट, खाली लाँड्री आणि किराणा. साइट इब्राच्या पुढे, म्हणजे जायला दोन तास आणि यायला दोन तास. या चार तासांत माझ्या शेजारी बसायचे आमचे जपानी कन्सल्टंट. पासष्टीचे, कोरडे, ड्रॉइंगमध्ये एक रेघ चुकली तर दिवसभर न बोलणारे. पण रस्त्याला लागलं की ते लहानपणी बघितलेल्या हेरपटांच्या गोष्टी सांगायचे आणि सांगता सांगता एकटेच इतके हसायचे की चष्मा काढून पुसावा लागे. मला त्यांच्या इंग्रजीतून निम्मं कळायचं. काम संपवून परत जाताना त्यांनी मला एक खोका दिला. चाळीसेक डिस्क, त्यांच्यावर इंग्रजीचं एक अक्षर नाही, सबटायटल नाहीत. मी म्हटलं, सर, मला समजणार कसं? तर म्हणाले, समजायची गरज नाही. ड्रॉइंगवरून दिवसभर अबोला धरणारा माणूस हे म्हणाला.

आता माझ्या आईबद्दल सांगतो, कारण खरं प्रकरण ते आहे. आई अकोल्याजवळच्या खेड्यात राहते, बाबा गेल्यापासून एकटी. आमच्या वऱ्हाडी बोलीशिवाय तिला दुसरं काही येत नाही आणि तिला कधी त्याची गरज पडली नाही. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. शाळा इंडियन, मैत्रिणी केरळच्या नाहीतर हैदराबादच्या, आपसात सगळं इंग्रजी. बायको ठाण्यात वाढलेली. आमचं घरातलं बोलणं म्हणजे अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी आणि भांडण हिंदीत. पोरीला मराठी कळायचं, पण तोंडातून निघायचं नाही. दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, मी गावी फोन लावायचो. व्हिडिओ कॉल तेव्हा इथं धड चालत नसत, नुसता आवाज. पोरगी फोन कानाला लावून ‘हॅलो आजी, फाइन आजी, ओके आजी’ म्हणायची आणि फोन माझ्या हातात कोंबून पळायची.

आईला इथं आणायचं म्हणून मी तिचा पासपोर्ट काढून दिला होता. तर ती म्हणाली, “येऊन करू काय? तू हापिसात, सून दवाखान्यात, अन् पोट्टी माह्याशी बोलत नाई. मी का भिताडाशी बोलू?” आणि तिनं तो पासपोर्ट ट्रंकेत तळाशी ठेवून दिला. मला तिचा राग आला, पोरीचा आला, शाळेचा आला. बायकोला म्हटलं, तू लक्ष देत नाहीस. ती म्हणाली, तू कुठं देतोस. ते खरं होतं म्हणून डोक्यात आणखी तिडीक गेली. मला एवढंच हवं होतं की पोरीनं आजीशी चार वाक्यं बोलावीत, म्हणजे आजी येईल.

मी मराठीचं पुस्तक आणलं. शनिवारी सकाळी तिला घेऊन बसायचो. तिसऱ्या शनिवारी ती रडली आणि चौथ्या शनिवारी मी पुस्तक भिरकावलं. शिकवणारा बाप म्हणून मी भिकार होतो.

बायको एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती आणि शुक्रवारी दुपारची ड्यूटी तिच्याच गळ्यात पडायची. म्हणजे शुक्रवारी दुपारी घरात मी आणि पोरगी. बाहेर पंचेचाळीस डिग्री, नमाज आटोपून रस्ते सुनसान, जायला जागा नाही. एका शुक्रवारी मी त्या खोक्यातली एक डिस्क लावली. हेरखात्याचं ऑफिस दिसलं. मी म्हणतो, हे तर आमच्या तालुक्याचं वीज मंडळ. तसाच कुरकुरणारा पंखा, तशाच सुतळीनं बांधलेल्या फायली, तसाच चहाच्या कपावर ओणवलेला साहेब. पांढऱ्या सुटातला हेर उशिरा आत येतो आणि साहेब त्याच्यावर तोंड सोडतो.

“पप्पा, व्हॉट इज ही सेइंग?” पोरीनं विचारलं.

मला काय कपाळ कळणार. पण साहेबाचं ते तोंड बघून माझ्या तोंडून आपोआप निघालं, “काऊन बे, कुठं मरून रायला होता? अख्खी दुनिया बुडून रायली अन् तू केस विंचरून रायला?” पोरीला वरण-भात खाता खाता ठसका लागला. पाणी पाजलं, पाठ चोळली, तर म्हणते, “अगेन, पप्पा.”

पुण्यात इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नंतरची सगळी नोकरी मी जी मराठी बोलत आलो, ती त्या क्षणी माझ्या तोंडात का आली नाही, हे मी नंतर पुष्कळदा शोधून बघितलं. त्या मराठीत कुणी केळ्याच्या सालीवरून घसरत नाही. एवढंच कारण सापडलं.

मग आमचा शुक्रवार ठरून गेला. आणि मी सांगतो, त्या सिनेमांत काय आहे ते त्या मोबाइलवाल्यांना सात जन्मात कळायचं नाही. हेर शत्रूच्या अड्ड्यात घुसतो आणि पहिल्यांदा वाकून नमस्कार करतो. शत्रूही वाकतो. मग हेर खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढून दोन्ही हातांनी शत्रूला देतो. गुप्तहेर, आणि कार्ड देतो. शत्रू ते नीट वाचतो, आपलं देतो, आणि मग हाणामारी सुरू. गुप्त दरवाजा अर्ध्यात अडकतो, तर दोघं मिळून तो ढकलतात आणि उघडल्यावर पुन्हा मारामारी. पाठलाग चाललाय, मध्ये रेल्वेचं फाटक लागतं, तर दोन्ही गाड्या शहाण्यासारख्या थांबतात. बॉम्बची टिकटिक चालू असताना पिवळ्या झग्यातली बाई अख्खं गाणं म्हणते. बॉम्ब थांबतो बिचारा. सगळं इतकं लाल आणि हिरवं की डोळे चुरचुरावेत. जगाचा नाश करायला निघालेल्या माणसांनाही रीतभात आहे. आमच्या ऑफिसात दोन कंत्राटदार एकमेकांशी इतक्या सभ्यपणे वागत नसत.

पण पोरीचा जीव जडला तो हेराच्या आईवर. बहुतेक सिनेमांत ती आहे. गल्लीत तिचं नूडल्सचं दुकान, आणि तिची समजूत अशी की मुलगा विमा कंपनीत कारकून आहे. त्याला खुर्चीला बांधून ठेवलंय, पिस्तुलं रोखलीत, आणि ही बया डबा घेऊन हजर. मुलाला रागावते, दोरी सोडायला लावते, आणि ज्यांनी पिस्तुलं रोखलीत त्यांनाही वाढते. मी तिला माझ्या आईचा आवाज दिला. दुसरा कुठला देणार? “हात धुतले काय? मंग बस. अन् तू रे लंब्या, ते बंदूक बाजूले ठेव, खरकटी होते.” पोरगी सोफ्यावरून खाली घसरायची.

सहाव्या-सातव्या शुक्रवारी तिनं मला गप्प केलं आणि हेराच्या आईचं काम स्वतः घेतलं. माझा हेर, तिची माय. पडद्यावरची बाई तोंड उघडायची आणि माझी पोरगी, जिला ‘पाणी दे’ म्हणायचं तरी ‘वॉटर’ म्हणायची सवय, ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, “असा काऊन सुकून गेला रे बाप्पा? विमा कंपनीवाले जेवू देत नाई काय?” मी हेराची वाक्यं विसरायचो. मला इतका आनंद त्यापूर्वी कधी झाला असेल तर मला आठवत नाही.

आणि एका शुक्रवारी सकाळी तिनं फोन घेतला आणि म्हणाली, “आजी, काय करून रायली?”

आई म्हणाली, “भाकरी टाकून रायली व माय. तू जेवली काय?” आणि दोघी सुटल्या. वीस मिनिटं. भाकरी करपली असणार. जपानी बाईचं दुकान, लंब्या गुंडाची बंदूक, सगळं पोरीनं आजीला सांगितलं. आजीला वाटलं ती बाई शाळेतली कोणी असेल. शेवटी मला म्हणाली, “डिसेंबरात येतो मी. तिकीट काढजो.” ट्रंकेच्या तळातून पासपोर्ट वर आला. तिनं पोरीसाठी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायला घेतली. मस्कतला वाकळ कशाला लागते, असं मी म्हटलं नाही. माझी हिंमतच नव्हती.

इथंच थांबायला हवं होतं. पण आमच्यासारख्यांना चांगलं चाललेलं बघवत नाही.

नोव्हेंबरात इथल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम होता. मुलांनी तीन-तीन मिनिटं मराठीत काहीतरी सादर करायचं. पोरीनं स्वतःहून सांगितलं, मी जपानी हेराची माय करणार. मुलांचे प्रवेश बसवणाऱ्या बाई मस्कतजवळ अल अमेरातला राहत. तालीम त्यांच्याकडे. पोरीनं पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा त्या हसल्या, खरंच हसल्या. मग मला दारापर्यंत पोचवताना म्हणाल्या, “वेगळं आहे हं. भाषा तेवढी जरा बघून घ्या. आपला ऑडियन्स मिक्स असतो ना.” आणि पुढे, चपला घालता घालता, “तुम्ही मूळचे कुठले? आडनाव काय म्हणालात?”

या दोन प्रश्नांनंतर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय बदलतं, ते आमच्या घरात पोरं अक्षरओळखीच्या आधी वाचायला शिकतात. त्यांच्या चेहऱ्यावर खरं म्हणजे काहीच बदललं नसेल. मी बघायला थांबलोच नाही. गाडीत बसलो आणि मला पुण्याच्या मेसमधलं टेबल आठवलं. कॉलेजचा पहिला आठवडा, मी ‘मले भाजी देजो’ म्हणालो आणि सात जण जेवायचे थांबले. पुढची चार वर्षं ‘मले’ हेच माझं नाव होतं. आरशासमोर उभं राहून मी ती भाषा जिभेवरून खरवडून काढली. माझी पोरगी स्टेजवर उभी राहील आणि पाठीमागच्या रांगेतलं कुणीतरी तिला तसं हसेल, या कल्पनेनं माझ्या अंगाची लाही लाही झाली.

त्या बाई एकदाच बोलल्या. मी तीन आठवडे बोलत राहिलो. जेवताना, शाळेत सोडताना, मॉलमध्ये ट्रॉली ढकलताना. रायली नाही बाळा. काऊन नाही. मले नाही, तुले नाही, बाप्पा तर मुळीच नाही. सिनेमे बंद. तो अख्खा प्रवेश मी नव्यानं लिहिला, पुण्याच्या मराठीत, एखाद्या परिपत्रकासारखा. पोरीनं एकदा विचारलं, “पण आजी असंच बोलते ना?” मी स्टिअरिंगवर होतो, सिग्नल सुटला होता, मागचा हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, “चुकीचं आहे ते. खलास.”

कार्यक्रमात ती नीट बोलली. एकही उच्चार चुकला नाही. “आपण हात धुतलेत का? मग बसा. आणि ती बंदूक कृपया बाजूला ठेवा.” सभागृहात कुणी हसलं नाही. कशाला हसतील? त्यात हसण्यासारखं मी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. टाळ्या वाजल्या, शुद्ध उच्चारांसाठी प्रमाणपत्र मिळालं. त्या बाई मला म्हणाल्या, “किती स्वच्छ बोलते हो, वाटतच नाही.” काय वाटत नाही ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारायला हवं होतं. मी थँक यू म्हणालो. प्रमाणपत्रासकट पोरीचा फोटो काढला आणि ऑफिसात चार जणांना दाखवला. या माणसाला मी आज रस्त्यात भेटलो तर कानाखाली मारीन.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, सकाळी गावी फोन लावला. पोरीनं मोठ्या हौसेनं घेतला.

“नमस्कार आजी. तुम्ही कशा आहात? तुमची तब्येत बरी आहे ना?”

मी जवळच होतो, तिकडचं सगळं ऐकू येत होतं. आई तलाठ्याशी बोलावं तशी जपून, एकेक शब्द धरून म्हणाली, “हो. बरी आहे. तुमचं… जेवण झालं का?” आठ वर्षांच्या नातीला ती ‘तुमचं’ म्हणाली. पोरीनं ‘होय आजी’ म्हटलं. आणि फोन माझ्याकडे दिला.

आई म्हणाली, “शिकली पोट्टी. चांगलं झालं.” मग म्हणाली, “डिसेंबरचं राहू दे आता. गुडघे लय दुखून रायले.”

मी फोन ठेवला आणि पोरीवर ओरडलो. आजीशी तसं बोलतात का, पहिल्यासारखं बोल. “तुम्हीच म्हणालात ते चुकीचं आहे,” ती म्हणाली, चांगल्या मराठीत. “आजीला येत नाही म्हणून मी पण चुकीचं बोलू का?” मी आणखी ओरडलो. ती आत जाऊन रडली. बायको ड्यूटीच्या कपड्यांत दारात उभी राहून मला एवढंच म्हणाली की आधी स्वतःचं ठरव, मग पोरीवर ओरड. तिला हे बोलायचा पूर्ण हक्क होता आणि मला ते सहन झालं नाही.

पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा डिस्क लावली. खूप मस्का मारून पोरीला सोफ्यावर बसवलं. हेर आला, साहेबानं तोंड सोडलं, मी सुरू झालो, “काऊन बे, कुठं मरून रायला…”

“‘राहिला’, पप्पा,” पोरगी म्हणाली. हळूच, मला वाईट वाटू नये अशा बेतानं. जशी मी तीन आठवडे तिला सांगत होतो अगदी तशी.

मी टीव्ही बंद केला.

रविवारी साइटवर निघालो. इब्राच्या पुढे गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि एकट्यानं आईला फोन लावला. शुक्रवार नसताना फोन आला म्हणून ती घाबरली. मी म्हटलं काही झालं नाही, तुझ्याशी भांडायचंय. गुडघ्यांचं खोटं का सांगतेस, पोरगी काही वाईट बोलली का, तिनं तुला मानानंच विचारलं ना? मग येत का नाहीस? मी चांगलाच तापलो होतो. चूक माझी होती आणि आवाज तिच्यावर चढवत होतो, हे मला तेव्हाही कळत होतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तू पुन्याले गेला अन् दिवाळीत आला, तवा तुहं बोलनं बदललं होतं. म्या तुले काई म्हटलं काय? नाई म्हटलं. म्हटलं, पोट्ट्याले नोकरी करा लागते, तिथं आपलं बोलनं चालत नसन. मंग पोट्टीले कोनती नोकरी करा लागते रे? माह्याशी बोलाले?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, म्हणून ती उत्तरासाठी थांबली. मी फोन कट केला.